नियम क्रमांक सात

सोनावणे काका,

आधी कामाचं बोलते. पुढच्या सोमवारपासून मुलांची स्टडी लीव्ह सुरू होते आहे. समाजमंदिराच्या वरच्या मजल्यावरची आपली अभ्यासिका त्या दिवसापासून सकाळी सातला उघडायची. टेबलं पुसून घ्यायची, माठ भरायचा, खिडकीजवळचा कुरकुरणारा पंखा एकदाचा दुरुस्त करून घ्यायचा आणि फलकावर ‘अभ्यासकाळातील सूचना’ हा कागद लावायचा. हा कागद दर सेमिस्टरला मीच करते. मागचा काढते, तारीख बदलते, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालते आणि चार टाचण्या मारते. दहा मिनिटांचं काम. या वेळी आठ दिवस झाले, कागद माझ्या पर्समध्ये घडी होऊन पडला आहे.

त्यावर सात नियम आहेत. पहिले सहा मुलांसाठी केले. सातवा तुमच्यासाठी केला होता.

तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात तुमच्या फोटोसमोर सगळे बोलले. मला दोनदा बोलावलं, मी मान हलवून नको म्हटलं. समितीतल्या लोकांना वाटलं, परब मॅडमना भरून आलं. तसं काही नव्हतं. मला लाज वाटत होती. लाजेत माणूस बोलायला उभा राहिला तर एक तर खोटं बोलतो, नाहीतर सगळं सांगून टाकतो. त्या दिवशी माझी दोन्हीची तयारी नव्हती. खोटं एक वर्ष बोलून झालं आहे, म्हणून आता दुसरं करून बघते.

तुम्ही अभ्यासिकेत येऊन नक्की काय करता, हे मला पाच वर्षांत कळलं नाही. मी मुलुंडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. समितीने विचारलं म्हणून संध्याकाळी आणि रविवारी भांडुपची ही अभ्यासिका बघते. तुम्ही पालिकेतले निवृत्त चावीवाले. आता नव्या टॉवरमध्ये राहायला आलेल्यांना चावीवाला म्हणजे काय तेही सांगावं लागतं. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलून, माणसाएवढ्या उंच चावीने एकेका गल्लीचं पाणी सोडणारा आणि बंद करणारा माणूस. तुम्ही टेकडीवरच्या वस्तीचं पाणी सोडायचात. बाकीचे चावी फिरवून चहाला जायचे. तुम्ही चढ चढून शेवटच्या घरापर्यंत जायचात, दारात उभं राहून हंड्यात वाकून बघायचात आणि मगच खाली यायचात. हे मला तुम्हीच एकदा सांगितलं होतं. "मॅडम, पहिल्या घरात पाणी येणारच. त्यात आपली काय कर्तबगारी? शेवटच्या घरात जाऊन बघावं लागतं."

निवृत्त झाल्यावर तुम्ही घरून एक निळं प्लॅस्टिकचं स्टूल आणलंत आणि अभ्यासिकेच्या दाराशी ठेवलंत. मुलं घरी जायला निघाली की एकेकाला थांबवायचं. "थांब. आज काय वाचलंस? पुस्तक न उघडता सांग." बस एवढंच. पाच मिनिटं. मग पोरगं सुटलं.

"काका, कंपनी लॉ आहे, तुम्हाला नाही कळणार."

"मला कळेल असं सांग. तुला कळलं असेल तर मला कळेल. सातवी पास आहे मी, ढ नाही."

प्रणाली तुमची लाडकी. दाराजवळचं टेबल तिचं, कायद्याचा अभ्यास करायची, आणि तोंडाची फटकळ. ती एकदा करार कसा होतो ते सांगत होती. एकाने देऊ म्हणायचं, दुसऱ्याने घेऊ म्हणायचं, झाला करार. तुम्ही म्हणालात, "म्हणजे मी म्हटलं माझी सायकल घे, तू मान हलवलीस, की सायकल तुझी?"

"नाही हो काका, बदल्यात काहीतरी द्यायला लागतं ना."

"मग ते पोटात कशाला ठेवलंस? अर्धं सांगितलंस तर तपासणारा अर्धेच देणार. जा, परत बघून ये."

"काका, माझी बस जाईल यार!"

"बस दहा मिनिटांनी दुसरी येते. पेपर सहा महिन्यांनी."

ती पाय आपटत आत गेली, पुस्तक उघडून बघितलं, बाहेर आली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून गेली. मी कपाटाला कुलूप लावत हे ऐकत होते. मला वाटलं, म्हाताऱ्याला वेळ जात नाही आणि पोरीची बस चुकते आहे.

कारण माझी पद्धत वेगळी होती. माझ्याकडे रजिस्टर होतं. आल्याची वेळ, गेल्याची वेळ, सही. आठवड्याला ज्याचे तास सगळ्यात जास्त त्याचं नाव मी फलकावर लिहायचे. मुलं सांगतात की वाचतो, पण किती बसली ते रजिस्टर सांगतं, असं मी समितीपुढे ठणकावून सांगितलं होतं. आणि मागच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये फलकावर सलग तीन आठवडे एकच नाव होतं. निखिल परब. माझा मुलगा, सिव्हिल इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. सकाळी सात ते दुपारी बारा, मग दीड ते साडेपाच. चार रंगांची मार्करं. पुस्तकाची पानं उघडली की रांगोळी काढल्यासारखी दिसायची. मी येता-जाता बघायचे आणि मला बरं वाटायचं.

त्या दिवशी साडेपाचला तो निघाला आणि तुम्ही विचारलंत, "आज काय?"

"फ्लुइड मेकॅनिक्स, काका."

"मराठीत?"

"पाइपमधून पाणी कसं वाहतं ते."

तुम्ही स्टुलावर सरसावून बसलात. "अरे, हे तर आपलं खातं! सांग सांग."

"पाइप अरुंद झाला की पाण्याचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो."

"कमी होतो?"

"हो."

"मग झाडांना पाणी घालताना नळीच्या तोंडावर बोट धरलं की पिचकारी लांब कशी जाते? दाब वाढल्याशिवाय जाईल?"

निखिल म्हणाला, "फॉर्म्युला तसाच आहे, काका."

"फॉर्म्युला बरोबरच असणार रे. पण मी पण डोळ्यांनी बघितलंय. दोघंही खरे, तर मग गडबड कुठे आहे ते सांग ना."

"पुस्तकात एवढंच दिलंय."

"बरं. उद्या सांग."

तो माझ्याकडे न बघता जिना उतरून गेला. तुम्ही मी कुलूप लावेपर्यंत थांबलात आणि जिन्यात हळू आवाजात म्हणालात, "मॅडम, रागावू नका. पोरगा खूप वाचतो. पण पाणी पहिल्या घरातच थांबतंय. अजून महिना आहे, होईल त्याचं."

मी म्हटलं, "काका, तो इंजिनिअरिंगला आहे."

"म्हणून तर म्हटलं."

समाजमंदिरापासून माझ्या घरी चालत सात मिनिटं लागतात. त्या सात मिनिटांत मी काय विचार केला ते लिहायला हात पुढे होत नाही, पण लिहिते. मी विचार केला, सातवी पास चावीवाला, आणि हा माझ्या मुलाची परीक्षा घेणार. नेमके याच शब्दांत. कोणी मला विचारलं असतं तर मी असं काही मनात आणेन हेही कबूल केलं नसतं. मी सगळ्यांना सारखं वागवते असा माझा स्वतःबद्दलचा समज होता. तो समज जिन्यातल्या दोन वाक्यांत गेला आणि मला त्याचा पत्ताही लागला नाही.

पुढच्या रविवारी समितीची बैठक होती. मी म्हटलं, "मुलांच्या तक्रारी आल्या आहेत. काका दारात अडवून प्रश्न विचारतात. परीक्षेच्या दिवसांत मुलांवर दडपण येतं."

कोणीतरी विचारलं, "कोणाच्या तक्रारी?"

मी म्हटलं, "नावं सांगणं बरोबर नाही."

काय तत्त्वाचं वाक्य होतं! सगळ्यांनी माना डोलावल्या. तक्रार एकाचीही नव्हती, काका. एकाही मुलाने, एकाही मुलीने, कधीही, तोंडी किंवा लेखी, तुमच्याबद्दल माझ्याकडे तक्रार केली नव्हती. तक्रार माझी होती, आणि ती मी मुलांच्या नावावर घातली.

त्याच संध्याकाळी, मुलांच्या तक्रारी आल्या असं सगळ्यांना सांगून, मी कागदावर सातवा नियम घातला. ‘अभ्यासिकेत, जिन्यात व दारात कोणीही कोणाशी बोलू नये.’ तुम्ही चष्मा काढून, पुसून, परत लावून तो वाचलात.

"जिन्यातसुद्धा नाही?"

"नाही."

"बरं." मग म्हणालात, "मॅडम, तक्रार कोणी केली ते मला सांगू नका. उगाच मी त्या पोराकडे वेगळ्या नजरेने बघेन."

मला तेव्हा हायसं वाटलं, कारण नाव शोधायचा त्रास वाचला. आता वाटतं, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं. कळलं होतं का? पाणी सोडणाऱ्या माणसाला गळती कुठे आहे ते आवाजावरून कळतं, असं तुम्ही म्हणायचात. माझ्या आवाजात काही ऐकू आलं होतं का?

तुम्ही स्टूल उचललंत आणि खाली फाटकाजवळ जाऊन बसलात. मुलं तिथून जायची, पण नियमात फाटक येतं की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे ती नुसती मान हलवून सटकायची. तुम्हीही नुसती मान हलवायचात. मी रोज येताना तुम्ही म्हणायचात, "या मॅडम." त्या दोन शब्दांत टोमणा शोधायचा मी फार प्रयत्न केला. सापडला असता तर मला बरं पडलं असतं.

आणि मुलांनी तक्रार करणारा शोधून काढला. त्यांना वेळ लागला नाही. दाराजवळचं टेबल कोणाचं? प्रणालीचं. दोन दिवसांपूर्वी मोठ्याने हसत "काका, रोज रोज काय परीक्षा घेता?" असं कोण म्हणालं होतं? प्रणाली. झालं. तिच्याशी कोणी बोलेना. ती माझ्याकडे आली.

"मॅडम, सगळे म्हणतायत काकांना मीच उठवलं. तुम्ही सांगा ना त्यांना, मी नव्हते म्हणून. तुम्हाला तर माहितीये."

मी रजिस्टरातून मान वर न करता म्हटलं, "तू अभ्यासाकडे लक्ष दे. लोक बोलतातच."

काका, मी वीस वर्षं विद्यार्थ्यांना सल्ले देते आहे. त्यातले काही वाईट होते, बरेच निरुपयोगी होते. हा एकच असा आहे की जो आठवला की मला चालता चालता थांबावं लागतं. मुलगी माझ्यासमोर उभी होती, तिला एक वाक्य हवं होतं आणि ते वाक्य फक्त माझ्याकडे होतं. मी तिला अभ्यासाचा सल्ला दिला.

ती त्यानंतर आली नाही. घरी, पाच माणसांच्या एका खोलीत अभ्यास करून तिने परीक्षा दिली आणि पास झाली. त्यात माझा काही हात नाही.

निखिलचा निकाल लागला तेव्हा दोन विषयांत केटी लागली होती. त्यातला एक पाण्याचाच. रजिस्टरात सगळ्यात जास्त तास त्याचे होते. मी फलकावरचं नाव पुसलं आणि लोकांना सांगायला सुरुवात केली की पेपरच्या वेळी त्याला ताप होता. तुम्हालाही फाटकाशी तेच सांगितलं. तुम्ही म्हणालात, "हां. त्या दिवसांत ताप फार होता." मी पुढे गेले. काका, तुम्ही एकदा तरी म्हणायला हवं होतं की मी सांगितलं होतं. तुमचा हक्क होता. मग मी भांडले असते, आणि भांडता भांडता कदाचित खरं तोंडातून निघालं असतं.

मे महिन्यात त्याने केटीचे पेपर दिले, जुलैत दोन्ही सुटले. मी पेढे घेऊन अभ्यासिकेत आले. फाटकाशी तुम्हाला एक दिला आणि म्हटलं, "मनापासून अभ्यास केला की होतं, काका." तुम्ही पेढा तोंडात टाकलात. "हो ना. केला त्याने अभ्यास." आणि हसलात. मला ते हसणं आवडलं नाही. वाटलं, माझ्या मुलाच्या यशाचं यांना काय एवढं.

आता कार्यक्रमाच्या दिवसाकडे येते. काकू पुढे बसल्या होत्या, पांढऱ्या साडीत, अगदी ताठ. मुलं एकेक करून उभी राहिली. कोणी बँकेत आहे, कोणी शाळेत शिकवतो, एक नर्स आहे. भाषण कोणी केलं नाही. प्रत्येकाने तुमच्या फोटोकडे बघून, तुम्हाला कधीतरी सांगितलेला एकेक धडा परत सांगितला. नर्सने किडनी सांगितली. कोणाच्या हातात कागद नव्हता. मी आयुष्यात बरीच भाषणं ऐकली आहेत, कोणी कोणाला असा निरोप दिलेला पाहिला नाही.

मग मागून प्रणाली उठली. वर्षभराने दिसली, बारीक झाली होती. तिने धडा सांगितला नाही. ती फोटोकडे बघून म्हणाली, "काका, मी तक्रार केली नव्हती." आणि खाली बसली.

काही मुलांनी माना खाली घातल्या. मी तिच्यापासून चार खुर्च्यांवर होते. उठून दोन पावलं टाकायची होती. मी पर्सची चेन उघडली, बंद केली.

घरी आल्यावर निखिलने पाणी आणून दिलं आणि समोर बसला. "आई, तुला एक सांगायचंय. मी शनिवारी काकांकडे जायचो."

"कधी?"

"फेब्रुवारीपासून. तू कॉलेजला गेलीस की. सकाळी नऊला. काकू पोहे करायच्या. मी रोज एक चॅप्टर सांगायचो... म्हणजे दर शनिवारी. काकू पण ऐकायच्या. काकांपेक्षा त्याच जास्त प्रश्न विचारायच्या."

"मला का नाही सांगितलंस?"

"काका म्हणाले, घरी बोलू नकोस. आईला वाटेल मी तिची चूक काढतोय."

म्हणजे माझं नाव राखायचं कामही तुम्हीच केलंत, काका. आणि मी तुम्हाला पेढा देऊन वर उपदेश केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निखिलला स्वयंपाकघरात उभं केलं. म्हटलं, ते पाण्याचं मला सांग. पुस्तक नको. त्याने सिंकचा नळ सोडला आणि त्याला अंगठा लावला. पाणी माझ्या ब्लाउजवर. "बघ, अंगठ्याच्या मागे पाणी अडतं. तिथे दाब वाढतो. तो काकांचा दाब. आणि फटीतून बाहेर पडताना त्या दाबाचाच वेग होतो, म्हणून फटीत दाब कमी. तो पुस्तकातला. दोघंही बरोबर, फक्त जागा वेगळी."

"हे काकांना सांगितलंस?"

"सांगितलं ना. मला शोधायला तीन आठवडे लागले. काका म्हणाले, आता तू कुठेही जा. मग म्हणाले, आता तू विचार, मी सांगतो. आणि त्यांनी मला परत सगळं सांगितलं, माझ्यापेक्षा चांगलं."

मग तो म्हणाला, "आता तू सांग." मी सांगितलं. चुकलं. दाब मी दोन्हीकडे वाढवून ठेवला होता. दुसऱ्या वेळी जमलं. भात लागला होता तोवर. ऐकताना सगळं समजलं होतं, आणि सांगायला गेले तर अर्ध्यात हात रिकामे. बावन्नाव्या वर्षी मला हे कळलं की पोरं पुस्तकासमोर तासन् तास बसून, समजतंय समजतंय असं वाटत असताना, पेपरात कोरी का राहतात.

तुम्ही मला एकदा विचारलं होतंत, "मॅडम, आज तुम्ही काय वाचलंत?" मी म्हटलं होतं, "मी वाचत नाही काका, मी लायब्ररी सांभाळते." तुम्ही खो खो हसलात. मी विनोद केला नव्हता.

तर आता कागदाचं. मुलांनो, तुम्हीही हे वाचता आहात, कारण मी हा कागद फलकावर लावणार आहे. फलकावरची तासांची यादी बंद. रजिस्टर राहील, ते कुलूप लावताना आत कोण आहे ते कळायला, तुमचे तास मोजायला नाही. एक धडा झाला की पुस्तक मिटा आणि कोणाला तरी सांगा. आईला, भावाला, खाली भाजीवाल्या मावशींना. जिथे अडखळाल तिथे पेन्सिलने खूण करा आणि उद्या तिथूनच सुरुवात करा. जे येतं तेच परत परत वाचायला छान वाटतं, सगळी हुशारी तिथेच वाया जाते. जुने पेपर घड्याळ लावून सोडवा. पेपर झाल्यावर फाटकात उभं राहून उत्तरं जुळवू नका, काकांनी तर त्यासाठी एकदा दोघांचे कान धरले होते. जेवून या. झोपून या.

काही गोष्टी मला अजून पटलेल्या नाहीत, काका, तुम्ही नाहीत म्हणून मी त्या सोडून देणार नाही. पेपरच्या सकाळी पुस्तकाला हातच लावायचा नाही, हे तुमचं मत चुकीचं होतं. एक उजळणी हवी. आणि फोन कपाटातच राहतील, तुम्ही कितीही म्हणालात की पोरांवर विश्वास ठेवा. पण दिवाळीत अभ्यासिका दोन दिवस बंद ठेवा म्हणून तुम्ही भांडला होतात, मी म्हटलं होतं, तुमच्याकडे दिवाळी नसते, तुम्हाला कशाला सुट्टी? तुम्ही म्हणाला होतात, "माझ्याकडे नसते, पण त्यांच्याकडे असते ना? पोरगं कंदील न लावता इथे येऊन बसलं तर त्याचं डोकं घरीच राहणार." ते बरोबर होतं. मी बोलले ते तर बोलायचंच नव्हतं. या वर्षी दोन दिवस बंद.

सातवा नियम काढला आहे. त्याच्या जागी काय लिहू ते सुचेना, म्हणून हे सगळं लिहिलं. लावण्याआधी काल संध्याकाळी मी प्रणालीच्या घरी गेले. दारातच उभी राहिले आणि हे कागद तिच्या हातात दिले. तिने उभ्या उभ्या सगळे वाचले. आतून तिच्या आईने विचारलं, "कोण गं?" ती म्हणाली, "अभ्यासिकेच्या मॅडम." आत या म्हणाली नाही.

वाचून झाल्यावर म्हणाली, "एक वर्ष, मॅडम. काकांच्या गल्लीतून जावं लागू नये म्हणून मी लांबून फिरून जायचे. मला वाटायचं, त्यांना पण खरं वाटत असेल."

मी म्हटलं, "त्यांना वाटत नव्हतं."

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही विचारलंत त्यांना?"

नव्हतं विचारलं. मी माफी मागितली. तिने हो-नाही काही केलं नाही. कागद नीट जुळवले, घडी घातली आणि मला परत दिले.

"लावा. सगळ्यांनी वाचू दे. पण नुसतं लावून पळू नका. सोमवारी मी येते सातला. काकूंकडून स्टूल घेऊन येते. पोरं आली की दारात उभ्या राहा आणि सांगा." मग ती थांबली, आणि अगदी तुमच्यासारखी मान वाकडी करून म्हणाली, "कागद न बघता."

मी हो म्हटलं.

आज घरी कोणी नसताना मी दोनदा म्हणून पाहिलं, काका. स्वयंपाकघरात, ओट्याकडे तोंड करून. तुमचं स्टूल सांगितलं, शेवटचं घर सांगितलं, निखिलच्या केटी सांगितल्या, पेढा सांगितला, प्रणालीला काय म्हणाले तेही सांगितलं. मग कागद उघडून ताडून बघितलं. दोन्ही वेळा एकच वाक्य राहून गेलं होतं. तक्रार कोणीच केली नव्हती, हे.

तिथे पेन्सिलने खूण केली आहे. आता परत सुरुवातीपासून म्हणते.